पंचेचाळीसची तबकडी, तेहतीसवर

दुकानाच्या पन्हाळीखाली एक उंच, किडकिडीत माणूस उभा होता. पन्हाळीतून गळणाऱ्या धारेखाली त्यानं गाण्याची एक कोरी करकरीत तबकडी धरली होती आणि तिच्या मधलं लेबल तो नखानं खरवडत होता.

मी काचेतून बघत होते. ती तबकडी आत्ताच मी त्याला विकली होती. नोव्हेंबरचा आमच्याकडचा पाऊस काही पडत नाही, तो नुसता टांगून राहतो, अंगावर, टोपीवर, जिभेवर. अशा पावसात शहाणी माणसं घरात कॉफी पितात. हा मात्र भिजलेल्या मांजरासारखा उभा राहून नवीन माल खराब करत होता.

मी दार उघडलं. "अहो! पसंत नव्हती तर परत द्यायची होती. अशी सोलायला ती काय बटाटा आहे?"

तो दचकला. पापण्यांवर थेंब होते. त्या थेंबांच्या आडून त्यानं माझ्याकडे असं काही पाहिलं, की... आता साठी उलटल्यावर खोटं कशाला बोलू, मला पुढचं वाक्यच सुचेना. आणि मला वाक्य सुचत नाही असं आमच्या गावात कुणी ऐकलं, तर चर्चची घंटा वाजवतील.

"पसंत आहे," तो म्हणाला. "फार पसंत आहे. म्हणूनच..."

"म्हणून तिचं तोंड सोलताय?"

"नाव कुणी वाचू नये म्हणून. रविवारी नाचघरात मी ही लावणार. दुसऱ्या गावचे डीजे येतात, कठड्यावरून माना लांब करतात, लेबल वाचतात — आणि पुढच्या रविवारी तेच गाणं त्यांच्याकडे."

"वाजू दे की! गाणं काय तुमच्या गोठ्यातली गाय आहे, दुसऱ्यानं दूध काढलं म्हणून आटायला?"

तो हसला. एका बाजूनंच हसायचा, जणू दुसरी बाजू अजून विचार करतेय.

"मी योरिस," तो म्हणाला. "एक विनंती आहे. मी काय घेऊन गेलो ते कुणाला सांगू नका."

"मी दुकानात बसते, चर्चमधल्या कबुलीजबाबाच्या खोलीत नाही. कुणी मागितली तर विकणार."

"नावच माहीत नसेल तर मागणार कशी?"

असं म्हणून तो लेबलाचा लगदा खिशात घालून पावसात चालता झाला. मी दारात उभी. पाठमोरं बघताना कळलं, की त्याच्या कोटाला मागून शिवण उसवलीय. ती शिवायला हवी, असं मला वाटलं. पोरींनो, पुरुषाच्या कोटाची शिवण दिसायला लागली की समजावं — गेलो आपण.

ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. बेल्जियममधल्या लेये नदीच्या काठचं आमचं गाव, आणि मी गोदेलीव, बावीस वर्षांची. चौदाव्या वर्षी शाळा सोडून गालिच्यांच्या गिरणीत लागले होते. तिथल्या धुळीनं छाती भरली तेव्हा झुल्मा मावशीनं मला ओढून आणलं आणि तिच्या तबकड्यांच्या दुकानात बसवलं. अक्षर माझं कोंबडीच्या पायासारखं, पण गिऱ्हाईकाशी बोलताना मी कधी कुणाला हार गेले नाही.

सोमवारी दुकान उघडलं तर दारात पोरापोरींची रांग.

"काल नाचघरात वाजलं ते गाणं हवंय."

"कुठलं?"

"ते... हूं... हूं-डुम्... डुम्..."

नाव कुणालाच माहीत नाही. जो तो आपापल्या परीनं घुमतोय. दुकान कमी आणि कबुतरखाना जास्त. मला मात्र ठाऊक होतं. मीच तर विकली होती. मी खोक्यातून तीच तबकडी काढून एकेकाच्या हातात दिली आणि मनात म्हटलं, घ्या, योरिसभाऊ, सोला आता बटाटे.

दुसऱ्या दिवशी तीच रांग परत.

"काकू, चुकीची दिलीत."

"काकू कुणाला म्हणतेस गं? तुझ्याहून फार तर दोन पावसाळे जास्त पाहिलेत मी."

"हिच्यात एक बाई किंचाळतेय. आणि घाई काय तिला! नाचघरातल्या गाण्यात पुरुष होता. खोल आवाजाचा. सावकाश गाणारा."

सगळ्यांचं तेच. मला वाटलं, पावसानं पोरांच्या कानात पाणी गेलंय. परत आलेल्या तबकड्यांचा ढीग गल्ल्याशेजारी वाढत गेला, आणि दर बुधवारी योरिस यायचा, त्या ढिगाकडे बघायचा आणि एका बाजूनं हसायचा. तो गिरणीत विणकाम करायचा. बोटांना लोकरीचा वास असायचा. तो वास मी ओळखत होते.

"तुमच्या पापाचा ढीग आहे हा," मी म्हणायची. "सांगा ना, काय करता तुम्ही त्या बिचारीचं?"

"रविवारी या, कळेल."

"मी नाचत नाही."

"मग नुसत्या उभ्या राहा."

"उभी मी आठवडाभर राहते."

"माझ्यासाठी नाही राहत..."

इतकं हळू म्हणाला, की ऐकलं नाही असं दाखवता आलं. दाखवलं. पण त्या दिवशी दोन गिऱ्हाइकांना मी सुटे पैसे जास्त दिले.

गेले मग. मी काय लाकडाची होते?

नाचघर हमरस्त्यावर, पेट्रोलपंपाच्या पलीकडे. रविवारी दुपारची जेवणं उरकली की आजूबाजूच्या गावांतली पोरं सायकलींवरून, बापाच्या गाड्यांतून तिथं जमायची. आत पाऊल टाकलं आणि पायाखालची फरशी श्वास घेतेय असं वाटलं. संथ, जड गाणं. जवसाच्या ओल्या शेतातून बूट उपसत चालावं तसं. नाचणारे उड्या मारत नव्हते. खांदे नुसते हलत होते, डोळे अर्धे मिटलेले. गिरणीतून सुटलेल्या माणसाचं अंग असंच हलतं. हे आमचंच होतं. इंग्लंड-अमेरिकेहून आलेल्या तबकड्या असतील, पण चाल आमची होती.

योरिसनं मला पाहिलं. दुसरी तबकडी लावून तो कठड्याबाहेर आला, माझा हात धरला आणि आवाजाच्या मोठ्या पेटीवर माझा तळवा टेकवला.

"ऐक."

"कानानं ऐकतात."

"हे नाही."

तळव्यातून ते कोपरापर्यंत, कोपरातून... कुठं कुठं गेलं ते लिहायला मी काय कवी आहे? त्यानं माझा हात सोडला नाही आणि मीही तो काढून घेतला नाही. 'अहो-जाहो' कधी संपलं ते दोघांनाही कळलं नाही.

"याला म्हणतात काय?" मी ओरडून विचारलं.

"कशाला?"

"या... सगळ्याला!"

"काही नाही म्हणत. नाव नाही याला."

"मग मी कुठल्या खोक्यात ठेवू?"

तो हसत सुटला, पण मी गमतीनं विचारलं नव्हतं. दुकानात प्रत्येक गाण्याला खोका असतो आणि खोक्याला पुठ्ठा. जॅझला आहे, अकॉर्डियनला आहे, चर्चच्या गाण्यांनाही आहे. पुठ्ठा नाही त्या गाण्यांचं काय होतं ते मी पाहिलंय: ती तळाशी जातात, तळाची माळ्यावर, आणि माळ्यावरची उंदरांना.

सोमवारी मी एक रिकामा खोका पुसला, त्यात योरिसनं नेलेल्या तबकड्यांच्या जुळ्या बहिणी लावल्या आणि पुठ्ठ्यावर लिहिलं: 'रविवारची गाणी'. बुधवारी योरिसनं तो पुठ्ठा वाचला आणि त्याचा चेहरा उतरला.

"हे काय? ही माझी गाणी आहेत. लिहायचंच असेल तर 'योरिसची' लिही."

"का? तू गायलास? तू वाजवलंस?"

"मी शोधलं हे, गोदेलीव. मी. असं दुसरं कुणी लावत नाही."

"आणि तुझं नाव लिहिलं, नि उद्या तू सर्दीनं मेलास, तर तुझ्याबरोबर खोकाही पुरू?"

"तू ना, अगदी..."

"काय अगदी?"

"...अगदी गोड आहेस," तो म्हणाला आणि निघून गेला. असा अर्धा भांडून, अर्धा प्रेमात ठेवून जायचा. जेवण जायचं नाही मला.

आणि मग घोळ झाला.

पुढच्या सोमवारी झुल्मा मावशी तिची आवडती अकॉर्डियनची मोठी तबकडी ऐकत बसली होती. मोठ्या तबकड्या सावकाश फिरतात, मिनिटाला तेहतीस फेरे. छोट्या भरभर, पंचेचाळीस. प्लेअरला त्यासाठी खटका असतो, आणि तो आठवणीनं बदलायचा असतो. दुकानात गर्दी, मावशी उठून आत गेली, एका पोरानं परत आणलेली तबकडी "बघ रे बाबा, हीच आहे" म्हणून मी तावातावानं लावली. खटका तेहतीसवरच राहिला.

बाई किंचाळली नाही. बाई पुरुष झाली. खोल, जड, सावकाश आवाज दुकानभर पसरला. रांगेतलं शेवटचं पोरगंसुद्धा गल्ल्याकडे सरकलं.

"हीच..." कुणीतरी म्हणालं. "हीच ती!"

मी मान वर केली. दारात योरिस. केस ओले, तोंड पांढरंफटक. पोरं आनंदानं ओरडत होती, "तेहतीसवर! अरे, पंचेचाळीसची तेहतीसवर लावायची!" आणि तो उलट्या पावली बाहेर पडला.

मी तशीच, कोट न घालता, मागे पळाले. पाऊस तिरका लागत होता.

"योरिस! मुद्दाम नाही केलं मी..."

"आता गावातल्या प्रत्येक पोराच्या खोलीत माझी युक्ती वाजणार."

"मग वाजू दे ना! त्यांना आवडतं, रे. ते मागतायत. माल परत आणत होते बिचारे, स्वतःला मूर्ख समजत होते."

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते, गोदेलीव."

"आणि उघडली की पाच बोटं दिसतात. सगळ्यांच्या हाताला असतात तेवढीच. त्याचीच भीती वाटते ना तुला?"

हे मी बोलायला नको होतं असं तुम्ही म्हणाल. मी म्हणत नाही. खरं होतं ते. पण तो गेला, आणि बुधवारी आला नाही. पुढच्या बुधवारीही नाही. मी खोक्याच्या पुठ्ठ्यावर खाली लिहिलं, 'तेहतीसवर वाजवा'. खोका दोनदा रिकामा झाला नि दोनदा भरला, आणि एकदाही मला त्यात आनंद वाटला नाही.

"ऊठ," रविवारी झुल्मा मावशी म्हणाली. "तोंड पाडून बसण्यापेक्षा माझ्याबरोबर चल. आखीलकडे नाचायला."

"म्हाताऱ्यांत? आणि माझं तोंड पडलेलं नाही."

"तुझ्या बारशाला जेवलेय मी. ते कशानं पडतं आणि कुणामुळं, सगळं कळतं मला. कोट घाल."

नदीच्या वरच्या अंगाला एका खानावळीमागे आखीलचा छोटासा हॉल होता. कॉफी, सफरचंदाचा केक, खुर्च्यांच्या पाठीवर टांगलेले ओले कोट. पिकल्या केसांची जोडपी. आणि कोपऱ्यातल्या टेबलामागे सत्तरीचा आखील, पायांत घरातल्या सपाता, विजारीला खांद्यांवरून घेतलेले पट्टे. त्यानं जुनं अमेरिकन प्रेमगीत लावलं, आणि माझ्या हातातला केक हातातच राहिला.

तीच चाल. चिखलातून बूट उपसल्यासारखी. गाणं वेगळं, माणसं वेगळी, पण चाल तीच. मी टेबलापाशी जाऊन डोकावले. छोटी तबकडी, आणि खटका तेहतीसवर.

"आखीलकाका, हे इतकं हळू...?"

"आमच्याकडे सगळंच हळू, पोरी. ज्यांना घाई होती ते चर्चमागच्या मातीत झोपलेत."

"कधीपासून लावता असं?"

"झाली बरीच वर्षं. का गं? तुला कुणी सांगितलं?"

"आमच्या इथं योरिस म्हणून एक जण..."

"इर्माचा योरिस!" त्याचा चेहरा उजळला. "आईला न्यायला यायचा गाडी घेऊन. इर्मा काही निघायची नाही. 'अजून एक, अजून एक.' मग हा इथं, माझ्या शेजारी उभा राहायचा. हातांकडे बघत. चांगला पोरगा. आता मोठा झालाय म्हणतात. बरंय, बरंय."

त्याच्या बोलण्यात तक्रारीचा लवलेशही नव्हता. मला मात्र कॉफी कडू लागायला लागली. योरिस कुणाकडून शिकला याचं काय वाईट वाटायचंय? सगळेच कुणाकडून तरी शिकतात; मी सूप करायला शिकले ते काय देवदूताकडून? पण त्यानं या सपातावाल्या म्हाताऱ्यालाही लेबलासारखं पाण्याखाली धरून पुसून टाकलं होतं.

आणि त्याच आठवड्यात योरिस आला. धावत, धापा टाकत, जणू मधले दोन बुधवार कॅलेंडरात नव्हतेच.

"गोदेलीव! माफ कर — मी गाढव आहे, ते नंतर बोलू — ब्रुसेल्सहून वार्ताहर येतोय! मासिकाचा! म्हणाला, तुमच्या या रस्त्यावरच्या नाचघरांत काहीतरी नवीन घडतंय, त्याचा इतिहास लिहायचाय, कुणी सुरू केलं ते शोधतोय. उद्या. इथं, तुझ्या दुकानात यायला सांगितलंय मी. तुझा तो खोका दाखवू त्याला. पुठ्ठ्यासकट!"

"आणि काय सांगणार त्याला? कुणी सुरू केलं?"

"म्हणजे काय? मी."

"मी रविवारी आखीलकडे गेले होते."

तो खुर्चीत बसला. बोटांना चिकटलेली लोकर सोलायला लागला.

"आखीलला कुठं हवंय नाव," तो म्हणाला. "तो म्हातारा आहे, खूश आहे. मी... गोदेलीव, मी गिरणीत शेकडो गालिचे विणलेत. लोक त्यांच्यावर बूट पुसतात. एकावरही माझं नाव नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारणार आहे, हे कुणी केलं? आणि मी काय म्हणू — दुसऱ्यानं?"

मला त्याच्या केसांतून हात फिरवावासा वाटला. गिरणी मीही पाहिलीय. पण मी हात मागे बांधले.

"म्हणून आखीलच्या गालिच्यावर तुझं नाव विणणार?"

तो पुन्हा बोटांवरची लोकर सोलायला लागला.

"ऐक, योरिस. तुला मला काहीतरी विचारायचंय, हे मला ठाऊक आहे. महिनाभर बघतेय, तोंड उघडतोस आणि हवामानावर बोलतोस. विचारू नकोस अजून. उत्तर द्यायच्या आधी मला बघायचंय, की दुसऱ्याचं नाव तुझ्या तोंडातून बाहेर पडतं का. जो गाण्याचं नाव सांगत नाही, ज्यानं शिकवलं त्याचं नाव सांगत नाही, तो उद्या संसारात मला काय सांगणार? घरातलं दूध संपलं, एवढं तरी सांगेल?"

"तू त्याला सांगणार आहेस? आखीलबद्दल?"

"मी? मी तोंड शिवून बसणार. जन्मात एकदाच. तुझं तू बघ."

रात्री मावशी म्हणाली, "फार ताणू नकोस, तुटेल." मी म्हटलं, "तुटणारं असेल तर लग्नाआधी तुटलेलं स्वस्त." आणि उशीत तोंड खुपसून रडले. हे मावशीला माहीत नाही. असेल, पण बोलली नाही.

वार्ताहराचं नाव एगीद. गोल चष्मा, शहरी बूट, हातात छोटा टेपरेकॉर्डर. खोका बघून हरखला. पुठ्ठ्यावरचं माझं अक्षर वाचायला त्याला जरा त्रास झाला, पण सभ्य माणूस, काही म्हणाला नाही. टेप सुरू केली, टेबलावर ठेवली.

"तर, योरिससाहेब. हळू लावायची ही कल्पना. सुरुवात कुणी केली?"

बाहेर पन्हाळ टपटपत होती. मी गल्ल्यामागे सुटे पैसे लावत होते. एकच चवड पुन्हा पुन्हा. योरिसनं माझ्याकडे पाहिलं नाही. बरं केलं. पाहिलं असतं तर ते उत्तर माझ्यासाठी झालं असतं.

"सुरुवात..." तो म्हणाला. "सुरुवात मी..."

टेप फिरत होती.

"...मी नाही केली." मग एकदम उभाच राहिला. "कोट घाला, साहेब. गाडी बाहेर आहे. इथून जवळच आहे. तुम्हाला आखीलला भेटायला हवं. मी त्याच्याकडून उचललं, आणि आजवर कुणाला सांगितलं नाही. गोदेलीव, तूही चल."

"दुकान कोण बघणार?"

"मी काय मेलेय?" पडद्याआडून झुल्मा मावशी. ती पडद्याआडच उभी होती, हे सांगायला नकोच.

गाडीत योरिसनं चाक दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. एकदा खटका बदलताना, म्हणजे गाडीचा, त्याचा हात माझ्या गुडघ्याला लागला आणि तो "माफ कर" म्हणाला. इतका भ्यालेला पुरुष मी त्याआधी पाहिला नव्हता. आणि इतका देखणाही.

आखील स्वयंपाकघरात सूपासाठी कांदापात चिरत होता. योरिसला बघून सुरी खाली ठेवली, हात पुसले, आणि जणू कालच भेटले होते तसा म्हणाला, "आईसारखाच उशिरा येतोस."

"आखीलकाका, हे मासिकातले साहेब. हळू लावायला पहिल्यांदा कुणी सुरुवात केली ते लिहितायत. मी त्यांना सांगितलं, तुम्ही."

"मी?" म्हातारा हसला. "छे, छे. मला कुठली अक्कल. पहिला नाही, साहेब, पहिली म्हणा. इर्मा."

योरिसनं खुर्चीची पाठ धरली. "आई?"

"तुझी आईच. गिरणीत उभी राहून राहून तिचे गुडघे गेलेले. पण नाच सोडवेना. एका रविवारी टेबलापाशी आली आणि म्हणाली, 'आखील, जरा हळू लाव की. मन पुढं जातं, पाय मागं राहतात.' मी म्हटलं, गाण्याचा सत्यानाश होईल. म्हणाली, 'होऊ दे, गुडघ्यांपेक्षा बरं.' मग ओढला खटका. बाकीचे हसले, ओरडले. ती एकटीच नाचली त्या दिवशी. पुढच्या रविवारी तिच्याबरोबर आणखी एक. मग सगळेच."

स्वयंपाकघरात सूप उकळत होतं. इर्माला जाऊन तेव्हा दोन हिवाळे झाले होते.

"तिनं कधी सांगितलं नाही मला," योरिस म्हणाला. आवाज त्याच्या तबकड्यांसारखाच झाला होता, खोल, संथ.

"तू कधी विचारलंस?"

नव्हतं विचारलं. दाराशी उभा राहून तो गाडीची किल्ली वाजवायचा, "चल आई, चल." जिनं ही गोष्ट सुरू केली, तिच्याच घरात तो झोपत होता, आणि आपण पहिले म्हणून मिरवत होता.

"म्हणजे ही इर्मा पहिली," वार्ताहर उत्साहानं म्हणाला.

"ते कसं सांगू?" आखीलनं पुन्हा सुरी हातात घेतली. "आमच्याही आधी कुणी केलं असेल. नदीच्या त्या काठाला एक होता, तोही हळू लावायचा असं ऐकलंय. त्याला विचारा, तो आणखी कुणाचं नाव सांगेल. या रस्त्यावर प्रत्येक गावात कुणाचे ना कुणाचे गुडघे दुखतातच, साहेब."

पुढे त्या संगीताचं बारसं झालं, वर्तमानपत्रांनी त्याला छान छान नावं दिली, आणि गावोगावचे लोक शपथेवर सांगायला लागले की पहिले आपणच. मला विचाराल तर सगळे खरंच बोलत होते. पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी योरिस टेबलापाशी गेला आणि वार्ताहराला आईचं पूर्ण नाव सांगितलं, माहेरच्यासकट. कुठल्या गिरणीत होती, कुठला गुडघा जास्त दुखायचा, नाचताना मान कशी कलती करायची. ज्या माणसानं कुणाला एका तबकडीचं नाव कधी सांगितलं नव्हतं, तो थांबायलाच तयार नव्हता. मी भिंतीला टेकून ऐकत होते, आणि कांदापातीनं डोळे झोंबतात हे फार सोयीचं असतं.

टेप संपत आली तसा एगीद माझ्याकडे वळला. "आणि बाई, तुमचाही उल्लेख हवा. त्या खोक्यापासूनच तर आजची सुरुवात झाली. तुमच्या नावापुढं काय लिहू? दुकानदार?"

योरिसनं तोंड उघडलं. पुन्हा हवामानावर काहीतरी निघणार, हे मला दिसलं. आयुष्यभर थांबायला मला वेळ नव्हता.

"बायको लिहा," मी म्हणाले.

एगीदची पेन्सिल थांबली. आखीलची सुरी थांबली. योरिसच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, मग गाल, मग सगळाच माणूस.

"कुणाची?" त्यानं विचारलं.

"हरकत असेल तर टेप संपायच्या आत घे."

तो दोन पावलं पुढं आला. लोकरीच्या वासाची बोटं माझ्या बोटांत गुंतली. या खेपेला तो दोन्ही बाजूंनी हसत होता. नजर माझ्यावरून न काढता तो वार्ताहराला म्हणाला,

"लिहा, साहेब. पण हिचं नाव आधी लिहा. माझं मागून आलं तरी चालेल."